फ्लॅट बघायला जाण्याआधी

सांगलीत गुंतवणुकीसाठी फ्लॅट बघायला निघताय? मग दराआधी पाण्याचं विचारा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, जुलै २०२१ मध्ये ५५ च्या घरात. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी कुठवर आलं होतं, हे बिल्डरला नको, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारायचं. मी विचारलं तेव्हा त्याने हातातलं काम न थांबवता नुसती हनुवटी वर केली, शटरच्या कुलपाकडे. मग पार्किंगमध्ये जाऊन विजेचे मीटर किती उंचीवर बसवलेत ते बघा. डोक्याच्या वर असतील तर उगाच नाहीत. तिसरा मजला कोरडा राहतो हो, पण लिफ्ट आणि पंप बंद पडले की भाडेकरू तिथे राहत नाही. महापालिकेच्या नकाशावरची निळी (नेहमीच्या पुराची हद्द) आणि लाल (क्वचित येणाऱ्या महापुराची हद्द) पूररेषाही बघून ठेवा.

आता वही काढा. समजा, फ्लॅट ४० लाखांचा. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरा, म्हणजे २ लाख ४० हजार. नोंदणी १ टक्का, पण कमाल ३० हजार. ग्रिल, पंखे, गिझर, रंग असं करत हिशोब ४४ लाखांवर जातो. परतावा या ४४ वर काढायचा, ४० वर नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते. भाडं महिना ९ हजार धरलं तर वर्षाचे १ लाख ८ हजार. त्यातून मेंटेनन्सचे १८ हजार, घरपट्टीचे ८ हजार आणि एक महिना रिकामा राहील त्याचे ९ हजार वजा करा. उरले ७३ हजार. म्हणजे पावणेदोन टक्केसुद्धा नाहीत! कर्ज काढून घेणार असाल तर व्याजाचा दर शेजारी लिहून बघाच.

‘पण भाव वाढतो ना!’ वाढतो. दहा वर्षांनी ६० लाख आले तरी ४४ वर वर्षाला साधारण तीन टक्केच पडतात, आणि विकताना नफ्यावरचा कर वेगळा.

भाड्याचा खरा आकडा काढायची माझी युक्ती साधी आहे. एजंटला एकदा फ्लॅट विकत घेणारं गिऱ्हाईक म्हणून फोन करायचा आणि दोन दिवसांनी घरच्या दुसऱ्या कुणाकडून भाडेकरू म्हणून. दोन्ही आकडे सहसा जुळत नाहीत. वहीत कमीचा लिहायचा. विश्रामबागेत कॉलेजची मुलं आणि मिरजेत दवाखान्यांतला स्टाफ असतो, त्यामुळे घर फार दिवस रिकामं राहत नाही. मुलांना दिलंत तर मात्र रंगाचा खर्च दरवर्षी धरा.

महारेरा नोंदणी (गृहप्रकल्पाची सरकारी नोंदणी), प्रॉपर्टी कार्ड (जागेच्या मालकीची सरकारी नोंद), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) हे वकिलाकडून तपासून घ्या, त्यात कंजूषपणा नको. पहिल्या भेटीला चेकबुक घरीच ठेवा. ‘आज टोकन दिलं तर हाच रेट’ हे वाक्य तिथे ऐकू येणारच.