भूप आणि देशकार: संगीत-मानसशास्त्रातला पहिला श्रवणप्रयोग

संगीत-मानसशास्त्राकडे नव्याने वळणारे बरेच जण ‘अमुक रागाने मन शांत होतं का’ हा प्रश्न घेऊन येतात. सुरुवातीला तो बाजूला ठेवावा. संगीतात ओळखू येणारी भावना वेगळी आणि ऐकताना स्वतःच्या मनात उठणारी वेगळी. एकाच प्रश्नात दोन्ही मिसळल्या की उत्तरांचा अर्थ लागत नाही. त्याऐवजी श्रोत्याच्या कानात राग कसा उभा राहतो, हे मोजायला शिका.

त्यासाठी लागणारी प्रोब-टोन पद्धत मानसशास्त्रज्ञ कॅरोल क्रमहान्सल आणि रॉजर शेपर्ड यांनी १९७९ मध्ये मांडली. आधी काही सूर ऐकवायचे, मग एकच सूर, म्हणजे ‘प्रोब’, वाजवायचा आणि तो आधीच्या सुरांत किती बसतो याला १ ते ७ गुण मागायचे. १९८४ मध्ये कॅस्टेलानो, भरुचा आणि क्रमहान्सल यांनी ही पद्धत दहा हिंदुस्थानी रागांना लावली. ऐकवलेल्या तुकड्यात जो सूर जास्त वेळ वाजला त्याला भारतीय आणि पाश्चात्त्य, दोन्ही श्रोत्यांनी जास्त गुण दिले. थाटाची, म्हणजे राग ज्या सात सुरांच्या चौकटीत बसवला जातो तिची, जाण मात्र भारतीय श्रोत्यांच्याच गुणांत दिसली. रागाचा काही भाग ऐकताऐकताच हाती लागतो आणि काही वर्षानुवर्षांच्या ऐकण्यातून आलेला असतो. हे दोन भाग वेगळे काढणं हा या प्रयोगातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात रंजक भाग आहे.

पहिल्या प्रयोगाला भूप आणि देशकार ही जोडी घ्या. दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच सूर. भूपात ग वादी, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा सूर, आणि ध संवादी, म्हणजे त्याच्या खालोखालचा. देशकारात नेमकं उलट. त्यामुळे गुणांत फरक पडला तर ‘सूरच वेगळे होते’ असं म्हणायला जागा राहत नाही.

दोन्हींचे १२ सेकंदांचे आलाप एकाच कलाकाराकडून, एकाच वाद्यावर, एकाच पट्टीत, उदाहरणार्थ काळी एकमध्ये, ध्वनिमुद्रित करून घ्या. दोन्ही सा वर संपवा, कारण शेवटचा सूर गुणांवर प्रभाव टाकतो. पुढे एक सेकंद शांतता, एक सेकंद प्रोब, उत्तराला चार सेकंद. बारा स्वर, दोन राग, तीन आवृत्त्या मिळून ७२ फेऱ्या, म्हणजे सुमारे २२ मिनिटं. मधे विश्रांती द्या. तीस सेकंदांचा आलाप घ्यायचा मोह आवरा; प्रयोग चाळीस मिनिटांवर जातो आणि कंटाळलेला श्रोता सगळ्यालाच ४ गुण देऊ लागतो. अर्ध्या श्रोत्यांना भूप आधी, अर्ध्यांना देशकार आधी ऐकवा.

खरी गडबड सप्तकात होते. देशकार उत्तरांगप्रधान, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागात रमणारा, असल्याने त्याचा आलाप वर जातो, आणि संगीत न शिकलेले श्रोते रागापेक्षा सुराच्या उंचीला गुण देऊन बसतात. १९७९ च्या प्रयोगातही हेच दिसलं होतं. म्हणून प्रोबचा सूर एका सप्तकात न ठेवता अनेक सप्तकांत एकदम वाजणारा, म्हणजे शेपर्ड टोन, वापरावा. त्याच्या सुरुवातीला आणि शेवटी आवाजाचा २० मिलिसेकंदांचा चढउतार ठेवा, नाहीतर ‘टक्’ असा आवाज येतो. सगळ्या फाइली ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच मोठेपणावर, उणे २३ लुफ्सवर (LUFS, आवाजाच्या मोठेपणाचं एकक), आणा.

स्वरस्थानांकडेही लक्ष हवं. कीबोर्डचा शुद्ध ग सा पासून ४०० सेंटवर (एका सप्तकाचे १२०० सेंट) असतो, तानपुऱ्यातून उमटणारा सुमारे ३८६ सेंटवर. तालीम घेतलेल्या कानाला हा १४ सेंटचा फरक खटकतो, आणि मग गुण रागाला न मिळता बेसूरपणाला मिळतात. तुकड्यातली स्वरस्थानं प्राट (Praat) या ध्वनिविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजून प्रोब त्यांच्याशी जुळवा. त्याच वेळी प्रत्येक सुराला एकूण किती सेकंद मिळाले तेही लिहून ठेवा. ही नोंद नसेल तर वादीला जास्त गुण का मिळाले, हे नंतर कळायला मार्ग नाही.

तानपुरा ठेवलात तर सा आणि प चे गुण तसेही वर जाऊ शकतात. ही वाढ किती ते कळण्यासाठी फक्त तानपुऱ्यावर २४ फेऱ्या वेगळ्या घ्या आणि रागांच्या फेऱ्यांत नजर ग आणि ध वर ठेवा.

प्रश्नाचे शब्द आधीच पक्के करा. ‘हा सूर आत्ता ऐकलेल्या सुरांत किती बसतो?’ हे चालेल. ‘किती आवडला?’ विचारलंत तर वेगळंच मोजलं जाईल. रागाचं नाव सांगू नका.

‘शिकलेले’ आणि ‘न शिकलेले’ अशी श्रोत्यांची दोन पेट्यांत वाटणी आपल्याकडे फसते. भजनी मंडळात वीस वर्षं बसलेली, नाट्यसंगीत ऐकत वाढलेली व्यक्ती कागदावर ‘न शिकलेली’ ठरते, पण तिचा कान कोरा नसतो. तालमीची वर्षं, घरातलं ऐकणं आणि वाद्य वाजवता येणं यांची स्वतंत्र नोंद घ्या.

प्रयोग ऑनलाइन असेल तर आधी हेडफोनची चाचणी लावा: तीन सुरांपैकी सर्वांत हळू आवाजाचा कोणता ते ओळखायचं, आणि तिन्हींतला एक सूर दोन कानांत उलट्या फेजमध्ये, म्हणजे एकीकडची ध्वनिलहर दुसरीकडच्या नेमकी उलट, द्यायचा. स्पीकरवर या लहरी एकमेकींना मारतात, म्हणून तोच हळू वाटतो आणि उत्तर चुकतं. सहापैकी पाच बरोबर आले तरच पुढे न्या. प्रत्येकाची लेखी संमती आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी प्रयोगाआधीच हवी.

विश्लेषणात ७२ फेऱ्या म्हणजे ७२ माणसं नव्हेत. प्रत्येक श्रोत्याची प्रत्येक स्वरामागे सरासरी काढा, किंवा श्रोत्याश्रोत्यांतला फरक हिशेबात धरणारं मिश्र प्रतिमान (mixed model) वापरा. भूपात ग आणि देशकारात ध वर आला, तर लगेच वादीचा निष्कर्ष काढू नका. आधी सेकंदांची नोंद काढा. त्या नोंदीतून सगळ्या फरकाचा उलगडा होत असेल तर श्रोत्यांनी तुकडा ऐकला इतकंच दिसतं. वेळ हिशेबात धरूनही मुरलेल्या कानांच्या गुणांत फरक शिल्लक राहिला, तर पुढचा प्रयोग तिथून सुरू करा: दोन्ही आलापांत ग आणि ध ला समान वेळ देऊन.