थंडीत परड्यातल्या झाडांना काय काय करायचं

आपल्या कोल्हापुरात बर्फ वगैरे काय पडत नाही, पण दिवाळी झाली की पहाटे चांगलाच गारठा सुटतो आणि झाडांकडं बघायची हीच खरी वेळ असते. सगळ्यात आधी आंबा. मोठ्या आंब्याला आता पाणी बंद ठेवा, पाणी देत राहिलात तर मोहोराऐवजी नुसती पालवी फुटते, मोहोर येऊन कैरी वाटाण्याएवढी झाली की मग परत पाणी सुरू करा. मोहोरावर पांढरी पावडर दिसली की ती भुरी, १० लिटर पाण्यात २० ग्रॅम पाण्यात विरघळणारं गंधक घालून सकाळी फवारा, पण फुलं पूर्ण उमललेली असताना नको, मधमाश्या येत असतात हो.

नारळाचं उलटं आहे, त्याला थंडीतपण पाणी लागतंच.

झाडांच्या खोडाला बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा मोरचूद-चुन्याचा लेप, लावाच. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्याच भांड्यात, मग एकत्र करून लोखंडी खिळा बुडवून बघा, तांबूस थर चढला तर अजून चुना घाला, आणि जमिनीपासून दोन-तीन फूट ब्रशनं लावा.

ऊसतोड चालूच असते, उसाचा पाला जाळू देऊ नका, शेतकऱ्याकडनं मागून आणा आणि झाडाच्या बुंध्यापासून वीतभर सोडून आळ्यात पसरा. पन्हाळ्याकडच्या लाल मातीत तर हे पाहिजेच, पाणी टिकत नाही तिथं. नदीकाठच्या काळ्या मातीत मात्र बोटानं उकरून ओल बघूनच पाणी द्या.