उन्हात भोवळ येते तेव्हा: या चुका टाळा

उन्हात रांगेत उभा असलेला माणूस अचानक कोसळतो. चार जण धावतात, त्याला बखोटीला धरून उभं करतात, खुर्चीत बसवतात आणि तोंडाला पाण्याचा ग्लास लावतात. हे सगळं कळकळीनं होतं, पण यातल्या प्रत्येक गोष्टीने त्याला अपाय होऊ शकतो.

अंग तापलं की उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त तिकडे वळतं. माणूस एकाच जागी उभा असला तर बरंचसं रक्त पायांत साचतं. त्यात घामामुळे शरीरातलं पाणी घटलेलं असतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी पडतं, रक्तदाब उतरतो, मेंदूला पुरेसं रक्त मिळत नाही आणि शुद्ध हरपते. आडवं झालं की रक्त पुन्हा डोक्याकडे पोचतं, म्हणून बहुतेक जण एक-दोन मिनिटांत भानावर येतात. अशा माणसाला उठवून बसवलं की मेंदूचं रक्त पुन्हा तोडलं जातं.

त्याला सावलीत उताणं झोपवा, पाय फूटभर उंच करा, कपडे सैल करा, अंगावर ओला कपडा फिरवा, वारा घाला. पडताना डोक्याला लागलं आहे का ते बघा. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. अर्धवट शुद्धीत पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. नीट बोलू लागला, ग्लास स्वतः धरू शकला, की मगच पाणी द्या, तेही घोट घोट. बरं वाटलं म्हणून लगेच उठू देऊ नका. आधी बसवा, थोडं थांबा, मग उभं करा. घाईने उठलेला माणूस पुन्हा पडू शकतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे उष्माघातालाही साधी चक्कर समजणं. काही मिनिटांतही माणूस पूर्ण भानावर आला नाही, असंबद्ध बोलू लागला, झटके आले, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. त्यात शरीराच्या आतलं तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका, कष्टाचं काम करताना झालेल्या उष्माघातात अनेकदा घाम येत असतो. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत वाट बघत बसू नका. अंगावर भरपूर थंड पाणी ओता, बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत ठेवा. इथे एकेक मिनिट मोलाचं असतं.

आता पडण्याआधीच्या चुका. पहिली म्हणजे ताठ, न हलता उभं राहणं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. माणूस स्थिर उभा राहिला की ते काम थांबतं. कवायतीत, रांगेत, पहाऱ्यावर उभं राहावंच लागत असेल तर टाचा वर-खाली करा, पोटऱ्या आवळा, सोडा. धावून आल्यावर एकदम थांबणंही याच कारणाने वाईट. दोन-चार मिनिटं हळूहळू चाला.

दुसरी चूक म्हणजे तहान लागेपर्यंत थांबणं. उन्हात काम करताना दर 15 ते 20 मिनिटांनी एक ग्लास पाणी प्या. पण एका तासात दीड लिटरच्या वर जाऊ नका, कारण नुसतं पाणी ढोसल्याने रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. कित्येक तास घाम गाळायचा असेल तर जेवण चुकवू नका, अधूनमधून क्षार-साखर असलेलं पेयही घ्या.

पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने कामाला लावणं ही मुकादम आणि प्रशिक्षकांची चूक आहे आणि ती मला फार खटकते. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या एक पंचमांश वेळच काम द्यावं, मग रोज तेवढंच वाढवावं. सुट्टीवरून किंवा आजारातून परतलेल्यांनाही सवलत हवीच.

सावलीत आहोत म्हणजे सुरक्षित, हाही भ्रम आहे. कोंदट, दमट खोलीत घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही.

डोळ्यांपुढे अंधारी येणं, कान गुणगुणणं, मळमळ, गार घाम या खुणा अनेकदा पडण्याआधी मिळतात. लोक काय म्हणतील या संकोचाने पाय रोवून उभं राहू नका, जिथे असाल तिथेच खाली बसा, जमलं तर आडवे व्हा.

रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना अशी भोवळ लवकर येते. गोळी मनाने बंद करू नका, उन्हाळ्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या. आणि भोवळ छातीत दुखून किंवा धडधड होऊन आली, काम करता करता आली, किंवा माणूस वयस्कर, गरोदर वा हृदयरोगी असेल, तर शुद्ध आली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.