प्रोपेन ग्रिल लावताना या चुका टाळा: न्यू जर्सी-न्यूयॉर्कचे नियम आणि मंद ज्योतीचं कारण

पहिली चूक जागेची. ग्रिल कुठे ठेवता येते हा नियम तिच्या आकारावर नाही, घराच्या प्रकारावर ठरतो. न्यू जर्सीच्या फायर कोडनुसार अपार्टमेंटच्या बाल्कनीत, पोर्चवर किंवा छज्ज्याखाली गॅसची किंवा कोळशाची ग्रिल चालत नाही. खाली जमिनीवर ठेवली तरी जळू शकणाऱ्या भिंतीपासून आणि दारं-खिडक्यांपासून ती 5 फूट लांब हवी. मालक स्वतः राहतो अशा एक-दोन कुटुंबांच्या घरांना यातून सूट आहे. न्यूयॉर्क शहरात अपार्टमेंटच्या बाल्कनीत, टेरेसवर किंवा छतावर प्रोपेन ग्रिलला मनाई आहे. एक-दोन कुटुंबांच्या घराच्या आवारात 20 पौंडांच्या जास्तीत जास्त दोन टाक्या चालतात. इतर राज्यांत 10 फूट अंतराचा नियम बऱ्याच ठिकाणी आहे. सूट असली तरी ग्रिल भिंतीला खेटून लावू नका. व्हायनिल साइडिंग, म्हणजे घराच्या भिंतीवरचं प्लास्टिकचं आवरण, पेट घेण्याच्या कितीतरी आधी मऊ होऊन वाकतं.

दुसरी चूक आपल्या सवयीतून येते. भारतात सिलिंडर ओट्याखाली असतो, म्हणून इथे हिवाळ्यात टाकी गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये सरकवली जाते. प्रोपेन हवेच्या दीडपट जड. गळला की जमिनीलगत साचतो, आणि वॉटर हीटरची ज्योतही तिथेच खाली असते. ‘रिकाम्या’ टाकीतही थोडा गॅस उरतोच. टाकी बाहेर, सावलीत, उभीच ठेवा. आडवी झाली तर सेफ्टी व्हॉल्व्हमधून वायूऐवजी द्रव बाहेर पडू शकतो. जादा टाकी ग्रिलच्या कपाटात ठेवू नका.

आता सर्वांत जास्त विचारली जाणारी तक्रार: टाकी भरलेली, तरी ज्योत मंद आणि ग्रिल तापतच नाही. नवी टाकी आणण्याआधी हे करून बघा. बर्नरचे नॉब आधीच उघडे असताना टाकीचा व्हॉल्व्ह उघडला, किंवा तो झटक्यात फिरवला, तर जोडणीतल्या सुरक्षा यंत्रणेला वाटतं की नळी फाटली, आणि ती गॅसचा प्रवाह अगदी कमी करते. उपाय असा: टाकी आणि सगळे बर्नर बंद करा. रेग्युलेटर टाकीवरून सोडवा. बर्नरचे नॉब मिनिटभर उघडे ठेवून परत बंद करा. रेग्युलेटर जोडून हातानेच घट्ट करा, पाना नको. मग टाकीचा व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा, झाकण उघडं ठेवून एकच बर्नर पेटवा. बंद करताना आधी टाकी, मग बर्नर.

तरीही ज्योत पिवळी किंवा एकाच बाजूला असेल, तर बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं बघा. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या ग्रिलमध्ये हे हमखास सापडतं. अडलेला गॅस मागे वळून नॉबपाशी पेटू शकतो, म्हणून मोसमाच्या सुरुवातीला नळी ब्रशने साफ करा.

टाकी बदलली की प्रत्येक वेळी भांडी घासायचं लिक्विड आणि पाणी निम्मं-निम्मं करून सांध्यांवर लावा. बुडबुडे वाढले तर गळती आहे. काडी लावून तपासणं हा वेडेपणा. पेटवताना ज्योत धरली नाही तर सगळं बंद करून, झाकण उघडं ठेवून 5 मिनिटं थांबा.

साठलेल्या चरबीने पेट घेतला तर पाणी ओतू नका. बर्नर बंद करा, हात पोचत असेल तर टाकीही, आणि झाकण लावा. आग टाकीकडे सरकली तर सगळे लांब व्हा आणि 911 लावा.