‘इन्क्लाइन्ड’ कुठे लिहायचं आणि कुठे नाही

इंग्रजीत कलण्या-झुकण्यासाठी बरेच शब्द आहेत आणि शब्दकोशात बहुतेकांपुढे अर्थ सारखेच दिसतात. त्यातल्या ‘इन्क्लाइन’ने मला सर्वांत जास्त छळलं, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितोय.

दिसणारा उतार सोपा असतो. ‘इन्क्लाइन्ड प्लेन’ विज्ञानात सगळ्यांनी शिकलेलंच आहे. भिंतीला टेकून उभा असलेला माणूस ‘लीन’ करतो, पिसाचा मनोराही ‘लीनिंग’. पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे, तिथे बहुधा ‘टिल्ट’ वाचायला मिळेल. खुर्चीत मागे रेलणं म्हणजे ‘रिक्लाइन’. ट्रेडमिलवर इन्क्लाइन १० दिसलं तर ते सहसा टक्के असतात, अंश नव्हेत. प्रत्यक्ष कोन जेमतेम ५.७ अंशांचा भरतो. हे सगळं वाचता वाचता अंगवळणी पडतं, त्यासाठी जागरणं करू नका.

घात होतो तो मनाच्या कलाशी. ‘माझा कल संशोधनाकडे आहे’ असं मराठीत म्हटलं की त्यात ओढ ऐकू येते. तीच ओढ मनात ठेवून आपण प्रवेशअर्जात लिहितो, ‘आय ॲम इन्क्लाइन्ड टू स्टडी फिजिक्स’. वाचणाऱ्याला मात्र ऐकू येतं, ‘शिकावंसं वाटतंय, पण अजून ठरलेलं नाही.’ माझ्या मसुद्यावरून कितीतरी जणांची नजर फिरली, कोणीच अडलं नाही, कारण व्याकरण चोख होतं. अर्जात आणि मुलाखतीत हे वाक्य अजिबात नको. तिथे सरळ ‘आय वॉन्ट टू’ म्हणा. ते उद्धट वाटत नाही, खरंच.

म्हणून शब्दच टाकून देऊ नका. ‘आय ॲम इन्क्लाइन्ड टू अग्री’ म्हणजे बहुधा सहमत आहे, पण शेवटचा शब्द राखून ठेवला आहे. बैठकीत मतभेद नरमाईने मांडायचा असेल तर ‘आय ॲम इन्क्लाइन्ड टू डिसअग्री’ फार उपयोगी पडतं. ‘मॅथेमॅटिकली इन्क्लाइन्ड’ म्हणजे गणिताची उपजत आवड किंवा गती असलेला; तिथे डळमळीतपणा नाही, निर्धास्त वापरा.

एका शब्दापुढे एक मराठी अर्थ लिहिलेले तक्ते पाठ करून घेणाऱ्या मार्गदर्शकांवर माझा विश्वास नाही. परीक्षेपुरते ते तक्ते चालतात, पण हा फरक त्यात कधीच सापडत नाही. तुमचं एक वाक्य घेऊन ‘हे ऐकणाऱ्याला कसं वाटेल’ एवढं सांगणारा माणूस शोधा. तो भेटेपर्यंत उदाहरणं देणारा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश वापरा आणि अर्थाआधी उदाहरणं वाचा.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. ‘इन्क्लाइन्ड टू’नंतर क्रियापद मूळ रूपात येतं, म्हणजे ‘टू स्टडी’. ‘टू स्टडीइंग’ चूक. आणि चढ या अर्थी नाम असेल तर जोर सहसा ‘इन्’वर, क्रियापद असेल तर ‘क्लाइन’वर.