बालपणीच्या हिंसेविषयी मुलाखत घेताना : नाशिक जिल्ह्यातील संशोधकांसाठी

बालपणी सोसलेली मारहाण पुढे रक्तदाब, नैराश्य किंवा व्यसनाच्या रूपाने डोके वर काढते का, हे तपासायचे असेल तर प्रौढ माणसाला त्याचे लहानपण आठवायला लावावे लागते. विन्सेंट फेलिटी, रॉबर्ट अँडा आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील सॅन दिएगोच्या अभ्यासात प्रश्नावली टपालाने पाठवली होती; चार किंवा अधिक प्रकारचे प्रतिकूल अनुभव आलेल्यांमध्ये मद्यासक्ती, नैराश्य आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका असे अनुभव नसलेल्यांच्या चार ते बारा पट आढळला. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर मात्र समोर बसूनच विचारावे लागते, आणि तिथे जबाबदारी कितीतरी वाढते.

नैतिकता समितीची मान्यता मिळाल्यावर गावात अभ्यासाचे नाव ‘आरोग्य आणि राहणीमान’ असे साधेच सांगावे, मात्र खरा विषय मुलाखत देणाऱ्या व्यक्तीला संमती घेताना एकांतात स्पष्ट करावा. एका घरातून एकाच व्यक्तीची मुलाखत घ्यावी. ओट्यावर सासू किंवा जाऊ येऊन बसली तर लगेच वळता यावे म्हणून पाणी, रेशन, गुडघेदुखी यांविषयीचे चार प्रश्न हाताशी ठेवावेत.

‘तुमच्यावर हिंसा झाली का?’ हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण आपल्याकडे मार म्हणजे वळण लावणे असे समजणारी माणसे त्याला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. पट्ट्याने किंवा काठीने मारले का, उपाशी ठेवले का, आईला मार बसताना पाहिले का, असे कृतीविषयी विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांविषयीच्या आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीत घराबाहेरच्या हिंसेचेही प्रश्न आहेत. तिचे मराठी रूप पाड्यांवरची कोकणा बोली बोलणाऱ्यांकडून आधी तपासून घ्यावे.

वय नेमके आठवत नसेल तर 1991, 2003 किंवा 2015 च्या सिंहस्थाच्या आधी की नंतर, असे विचारल्यास पंचवटीतल्या माणसाला पटकन सांगता येते. पाड्यावर ही खूण लागू पडेलच असे नाही. तिथे शाळा कधी सुटली किंवा निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला पहिल्यांदा कधी गेलात, हे विचारणे बरे.

रक्तदाब कठीण प्रश्नांच्या आधी, पाच मिनिटे शांत बसवून, दोनदा मोजावा. रडून झाल्यावर घेतलेला आकडा त्या क्षणाचा असतो, आयुष्याचा नव्हे.

सर्वांत जास्त तयारी उत्तर मिळाल्यानंतरची लागते. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणे बंधनकारक आहे, म्हणून गोपनीयतेची ही मर्यादा संमतीच्या वेळीच सांगावी. मुलांसाठीचा 1098, महिलांसाठीचा 181 आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसचा 14416 हे मदतीचे दूरध्वनी क्रमांक तोंडी सांगावेत, कारण घरी सापडलेली चिठ्ठी बाईला महागात पडू शकते.

अनुभवांची बेरीज करून समोरच्याला ‘तुम्हाला पुढे आजार होणार’ असे कधीही सांगू नये. ती बेरीज समूहाचा कल दाखवते, एका माणसाचे भविष्य नाही.

मुलाखती घेणाऱ्या ताईंना दिवसाला दोन-तीनच मुलाखती द्याव्यात आणि संध्याकाळी मन मोकळे करायला बंद खोली द्यावी. नाशिकला परतताना जीपमध्ये ही चर्चा नको. चालक गावचाच असतो.