जुन्या मोटरहोमचे व्हील नट आणि निघण्याआधीची तयारी

पुण्याहून जुनी मोटरहोम घेऊन साताऱ्याकडे निघायचे ठरले की इंजिन ऑइल पाहिले जाते, पाण्याची टाकी भरली जाते, शेगडी नीट पेटते की नाही तेही तपासले जाते. चाकांचे नट मात्र मागच्या पंक्चरच्या वेळी आवळले होते, एवढ्याच भरवशावर राहतात. माझी गाडी आकुर्डीच्या बजाज टेम्पो कारखान्यात तयार झालेली जुनी मॅटाडोर आहे आणि मागच्या भागात झोपायच्या दोन जागा, छोटा ओटा व पाण्याची टाकी बसवून तिचे घर केलेले आहे. तिच्या चाकांसाठी प्रत्येक प्रवासाआधी मी जी तयारी करतो ती येथे मांडतो आहे. ती निदान आठ दिवस आधी सुरू करावी, कारण एखादा स्टड (चाकाचा नट ज्यावर बसतो तो आटे असलेला दांडा) बदलावा लागला किंवा टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराला ‘टक्’ असा आवाज करणारा पाना) तपासून आणावा लागला, तर ते काम निघायच्या दिवशी सकाळी उरकत नाही.

हातात पाना घेण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की असावी. नट चाकाला नुसता अडवून धरत नाही. नट आवळला की स्टड अगदी किंचित, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी, ताणला जातो आणि हा ताणलेला स्टड स्प्रिंगसारखा आत ओढत राहून रिमची डिस्क, म्हणजे रिमचा मधला भोकांचा भाग, हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या फिरत्या भागावर चाक बसते त्यावर, दाबून धरतो. १४ मिलिमीटरच्या कोरड्या स्टडवर १३ किलोग्रॅम-मीटर टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, दिला तर त्यातून साधारण साडेचार टनांचा दाब तयार होतो. पाच स्टडांचा मिळून तो बावीस टनांच्या पुढे जातो. या दाबामुळे डिस्क आणि हब यांच्यात जे घर्षण होते, त्याच्या जोरावर चाक जागेवर राहते. दाब कमी पडला तर डिस्क हबवर कणाकणाने सरकू लागते, रिमच्या भोकातली नट टेकण्याची बैठक झिजते, भोक लांबट होते आणि स्टड वाकून वाकून शेवटी तुटतो. दाब फार झाला तर स्टड कायमचा लांबतो आणि त्याची ओढच निघून जाते. म्हणून ‘जितके घट्ट तितके चांगले’ हा समज गॅरेजमध्ये कितीही रुळलेला असला, तरी चाकांच्या बाबतीत तो घातक आहे.

आठ दिवस आधी आपल्या गाडीचा टॉर्कचा आकडा शोधून वहीत लिहून ठेवावा. तो गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा; मोटरहोम करताना कोणी अ‍ॅक्सल किंवा हब दुसऱ्या गाडीचे बसवले असतील, तर ज्या गाडीचे हब त्या गाडीचा आकडा लागू होतो. जुन्या पुस्तकांत हा आकडा कधी किलोग्रॅम-मीटरमध्ये, कधी फूट-पौंडांमध्ये, तर आजच्या पान्यांवर बहुधा न्यूटन-मीटरमध्ये असतो, आणि येथे मोठी चूक होऊ शकते. १३ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९४ फूट-पौंड आणि सुमारे १२७ न्यूटन-मीटर. पुस्तकातले ९४ हे न्यूटन-मीटर समजून पाना लावला, तर पाना इमानाने ‘टक्’ करील आणि प्रत्येक नट तरीही एक-चतुर्थांशाने ढिला राहील. वहीत आकडा लिहिताना त्याच्यापुढे एकक ठळक लिहावे.

त्यानंतर नट आणि रिम यांची जोडी पाहावी. काही नटांचे तोंड शंकूसारखे निमुळते असते, काहींचे गोलाकार, तर काहींचे सपाट आणि वॉशरसह. रिमच्या भोकाची बैठक ज्या आकाराची असेल त्याच आकाराचा नट हवा. आटे जुळतात म्हणून दुसऱ्या गाडीचा नट लावला तर तो बैठकीच्या एका कडेवरच टेकतो, टॉर्क बरोबर दिसतो आणि शंभरेक किलोमीटरमध्ये ढिला होतो. जुन्या गाडीला हौसेने अ‍ॅलॉय व्हील बसवली असतील तर पत्र्याच्या रिमचे नट त्यांना चालतीलच असे धरून चालू नये.

आट्यांची दिशा हा वेगळा विषय आहे, पण परदेशी बनावटीची जुनी मोटरहोम जवळ बाळगणाऱ्यांनी तो वगळू नये. अमेरिकेतल्या क्रायस्लर गटाच्या बऱ्याच गाड्यांना १९७० च्या आसपासपर्यंत डाव्या बाजूच्या चाकांवर उलटे आटे असत आणि अशा स्टडच्या टोकावर इंग्रजी ‘एल’ अक्षर कोरलेले सापडते. ही खूण न पाहता नट ‘सोडवायला’ गेलेला माणूस तो आणखी आवळत असतो, आणि टॉमीला (पान्याच्या दांड्याला) पाइप लावून जोर केला की स्टड मोडतो. मागे जोडचाके असलेल्या काही जड गाड्यांत आतल्या चाकाचा नट वेगळा असतो. बाहेरचा नट ढिला केल्याशिवाय आतला आवळता येत नाही.

स्टडांची तपासणी मी सर्वांत सावकाश करतो. रिम काढल्यावर तारेच्या ब्रशने आटे साफ करून प्रत्येक स्टडवर नट केवळ दोन बोटांनी फिरवत शेवटपर्यंत न्यावा. मध्येच तो जड जाऊ लागला, आणि तेथे माती किंवा गंज नसला, तर स्टड तेवढ्या भागात ताणून लांबला आहे असे समजावे. नट परत येताना आट्यांमध्ये चमकदार धातूचा कीस दिसला तर तो स्टड आणि तो नट, दोन्ही बाद. चाक बसवताना नट किती फेरे घेतो तेही मोजावे: नटाची आट्यांतली पकड निदान स्टडच्या जाडीएवढी असावी, म्हणजे दीड मिलिमीटर पिचच्या (दोन आट्यांमधल्या अंतराच्या) १२ मिलिमीटर स्टडवर किमान आठ पूर्ण फेरे. जाड रिम किंवा मध्ये घातलेली चकती यांमुळे हे फेरे पाच-सहावर आले असतील, तर लांब स्टड बसवल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. एक स्टड तुटलेला आढळला तर त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांवर त्याचा भार आलेला असतो, म्हणून तेही बदलावेत. नवे स्टड आणि नट नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून नमुना दाखवून घेता येतात. जुन्या बाजारात पाने आणि हत्यारे छान मिळतात, पण वापरलेला स्टड तेथून घेऊ नये. तो पूर्वी किती ताणला गेला आहे हे डोळ्यांना दिसत नाही.

आता रंगाविषयी. जुनी गाडी सजवणाऱ्या प्रत्येकाने हा भाग लक्षपूर्वक वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. काही वर्षांपूर्वी मी चारही रिम सँडब्लास्टिंग करून पावडर कोटिंग करून घेतल्या. रिम देखण्या झाल्या. टॉर्क पान्याने मोजून नट आवळले आणि कात्रजचा बोगदा ओलांडून निघालो. शिरवळच्या अलीकडे गाडी सावकाश चालवताना मागच्या डाव्या बाजूने ठरावीक अंतराने ‘कट्… कट्’ असा बारीक आवाज येऊ लागला. कडेला थांबून पाना लावला, तर पाचपैकी चार नट जवळजवळ पाव फेरा फिरले. सोबत घरची मंडळी होती आणि पुढे खंबाटकी घाट होता. आवळताना कोणतीही चूक झाली नव्हती. पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा, म्हणजे स्टड जेवढा ताणला जातो जवळपास तेवढाच जाड असतो. डिस्क आणि हब यांच्यामध्ये, तसेच नटाच्या बैठकीत अडकलेला तो थर दाबाने आणि उष्णतेने चेपला गेला, आणि स्टडचा ताण त्याच्याबरोबर निघून गेला. तेव्हापासून रिम रंगवायला देताना हबला टेकणारा मागचा भाग आणि नटांच्या बैठका झाकून ठेवायला सांगतो, आणि परत आल्यावर बोट फिरवून खात्री करतो. हाच नियम गंजालाही लागू आहे. हबचा चेहरा, ब्रेक ड्रमचा चेहरा आणि रिमची मागची बाजू तारेच्या ब्रशने उघड्या धातूपर्यंत घासून कोरड्या फडक्याने पुसावी. नटाच्या भोकापासून बाहेर ओघळलेल्या तांबूस रेषा दिसल्या तर ते चाक आधीच हलत होते असे मानावे आणि भोकांभोवती बारीक तडे शोधावेत.

आट्यांना तेल लावावे की नाही, हा प्रश्न पावसाळ्याच्या तोंडावर हमखास निघतो. पुस्तकात तसे स्पष्ट लिहिलेले नसेल तर लावू नये. टॉर्कमधला बहुतेक जोर घर्षणात खर्च होतो आणि थोडाच भाग स्टड ताणायला लागतो; तेलाने किंवा ग्रीसने घर्षण कमी केले की तोच टॉर्क स्टडला सुमारे एक-तृतीयांशाने अधिक ताणू शकतो. पान्याचा आकडा बरोबर, पण स्टडवरचा ताण चुकीचा, अशी ती स्थिती होते.

हत्यारांत टॉर्क पाना, नटाच्या मापाची सहा कोनी गोटी (पान्याला लावायचे सॉकेट), तारेचा ब्रश, पांढऱ्या रंगाची छोटी डबी, जॅक, दोन भक्कम स्टँड आणि चाकांना लावायच्या लाकडी उट्या जवळ असाव्यात. टॉर्क पाना असा घ्यावा की आपला आकडा त्याच्या पट्टीच्या मधल्या भागात येईल. काम झाल्यावर तो सर्वांत खालच्या खुणेवर सोडून ठेवावा, नट सोडवायला कधीही वापरू नये, आणि वर्षातून एकदा तपासून घ्यावा. भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात हे काम करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. पाइप लावलेल्या साध्या पान्यावर उभे राहून नट आवळण्याची सवय ज्यांना आहे त्यांनी एक हिशेब करून पाहावा: ७५ किलो वजनाचा माणूस ६० सेंटिमीटर लांबीच्या टोकावर उभा राहिला की ४५ किलोग्रॅम-मीटर टॉर्क होतो, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या आकड्याच्या जवळजवळ साडेतीन पट.

प्रत्यक्ष कामासाठी सपाट आणि टणक जागा निवडावी. सोसायटीतल्या पेव्हर ब्लॉकवर जॅक लावायचा असेल तर खाली जाड फळी ठेवावी. घरातली सर्व माणसे गाडीतून उतरलेली असावीत, गॅस सिलिंडर बंद करून पट्ट्याने बांधलेला असावा, आणि पाण्याची टाकी भरली असेल तर १०० लिटरमागे १०० किलो वजन आपण उचलतो आहोत हे लक्षात ठेवावे. हँडब्रेक बहुधा मागच्या चाकांवर असतो. मागची बाजू उचलताच त्याचा भरवसा संपतो, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उट्या लावल्याशिवाय जॅकला हात घालू नये. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा ढिले करावेत आणि मगच चाक उचलावे.

चाक हबवर बसवल्यावर सर्व नट आधी हाताने फिरवावेत. पाच नट असतील तर चांदणी काढतो त्या क्रमाने, एक सोडून पुढचा असे जावे. सहा किंवा आठ असतील तर समोरासमोरच्या जोड्यांनी. ओळीने आवळले तर डिस्क एका बाजूला आधी टेकते आणि तिरकी बसते, ड्रमवरही असमान ताण येतो, आणि मग ब्रेक दाबताना जाणवणाऱ्या थरथरीचे कारण माणूस ब्रेकमध्ये शोधत बसतो. पहिल्या फेरीत साध्या पान्याने हलकेच टेकवावे, दुसऱ्या फेरीत निम्मा टॉर्क द्यावा, मग चाक जमिनीला टेकून फिरेनासे होईल एवढा जॅक उतरवून तिसऱ्या फेरीत पूर्ण टॉर्क द्यावा. पाना मुठीच्या मध्यावर धरून संथपणे ओढावा, झटका देऊ नये. ‘टक्’ असा आवाज आला की थांबावे. खात्रीसाठी म्हणून पुन्हा पुन्हा ‘टक्’ करत राहिले की दर वेळी थोडा टॉर्क वाढतो. शेवटी प्रत्येक नटावरून डिस्कवर जाणारी पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढावी. पुढे चहासाठी कोठेही थांबले तरी ती रेघ तुटली आहे का, हे खाली वाकून क्षणात कळते.

रस्त्यावरची तपासणीही या तयारीतच धरावी आणि तिचे ठिकाण घरूनच ठरवून निघावे. चाक काढून बसवल्यावर पहिल्या ८० ते १०० किलोमीटरमध्ये पृष्ठभाग एकमेकांत बसतात आणि ताण थोडा उतरतो. साताऱ्याच्या रस्त्यावर मी पहिला थांबा शिरवळला, स्वारगेटपासून साधारण ५० किलोमीटरवर, घेतो. पुढे घाट असल्यामुळे तो मुद्दाम लवकर ठेवला आहे. दुसरा साताऱ्यात पोहोचल्यावर. घाट उतरल्यावर लगेच मात्र पाना लावू नये, कारण ड्रम आणि हब तापलेले असतात आणि त्या अवस्थेतले माप फसवे ठरते. हाताला ड्रम कोमट लागेपर्यंत थांबावे. तपासताना नट आधी सोडवायचा नसतो. पाना ठरलेल्या आकड्यावर लावून आवळण्याच्या दिशेने ओढावा आणि ‘टक्’ होण्यापूर्वी नट हलला का ते पाहावे. किंचित हलला तर पुढच्या थांब्यावर पुन्हा तपासावे. दुसऱ्यांदाही तोच नट हलला तर चाक काढून बैठक आणि स्टड पाहावेत, केवळ आवळून पुढे जाऊ नये.

वाटेत पंक्चर झाले आणि दुकानात हवेच्या गनने नट बसवू लागले, तर गन फक्त नट टेकेपर्यंत चालवायला आधीच सांगावे आणि शेवटचे आवळणे आपल्या टॉर्क पान्याने स्वतः करावे. दुकानदार याला नकार देत नाहीत, असा माझा अनुभव आहे. बसवलेली स्टेपनी हेही नव्याने बसवलेले चाक असते, तेव्हा तिच्या नटांवर पुन्हा पांढरी रेघ ओढून किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा आणि पुढची तपासणी तेथून मोजावी.